बिघडायची जागा

माझ्या जावेनं मला सांगितलेल्या पहिल्या तीन कृती खोट्या होत्या. सबंध खोट्या असत्या तर मी त्याच दिवशी ओळखल्या असत्या. पण ती नऊ गोष्टी खऱ्या सांगायची आणि दहावी वाकडी. आणि ती दहावी अशी बेमालूम बसवायची की पदार्थ बिघडला म्हणजे दोष माझ्या हाताला लागावा. आज ती नाही. तरी मला तिच्याबद्दल चांगलं लिहावंसं वाटत नाही.

माझं माहेर अकोल्याचं. वडील भिक्षुकी करायचे. घरात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, पिठलं. गोडाधोडाचं जे काही येई ते दुसऱ्याच्या चुलीवरचं, वडिलांच्या उपरण्यात बांधलेलं. आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यामुळे मी अनारसे खाल्ले होते, पुरणपोळी खाल्ली होती, पण त्या कशा होतात ते कधी जवळून पाहिलं नव्हतं. तेराव्या वर्षी अमरावतीला सासरी नांदायला आले तेव्हा मला भाकरी थापता येत होती आणि वरण फोडणीला टाकता येत होतं. बाकी पाटी कोरी.

सासर शहराच्या परकोटाच्या, म्हणजे तटाच्या, आत होतं. मोठे दीर आधी एका वकिलाकडे कारकुनी करत. मग समुद्रापलीकडे कुठेशी लढाई लागली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि सगळं जग वऱ्हाडात कापूस विकत घ्यायला लोटलं. आम्हा बायकांना एवढंच कळलं होतं. दिरांनी कारकुनी सोडून कापसाची अडत धरली. आमच्या गल्लीत बैलगाड्यांची अशी दाटी व्हायची की सकाळी पाण्याला गेलेली बाई दुपारी परतायची. रुईचे कण सगळीकडे उडायचे. दुधावर, लोणच्याच्या फडक्यावर, पोरांच्या केसांत. वाळत घातलेल्या तांदळातून मी ते चिमटीनं वेचत बसायची. आणि घरात रोज पाहुणे. मुंबईचे दलाल, खानदेशातले व्यापारी, कोणाकोणाचे मुनीम. सगळे आमच्या पडवीत जेवायचे आणि जाताना जावेच्या हाताची तारीफ करायचे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. स्वयंपाकघर जावेचं होतं. ती माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं मजबूत, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी न बघणारी. मी तिला जाऊबाई म्हणायची. ती मला "अगं ए" म्हणायची. माझे यजमान सरकारी मराठी शाळेत मास्तर होते. त्यांनी हौस म्हणून दुपारच्या वेळी मला बाराखडी शिकवली आणि वर्षभरात मी छापील पुस्तक वाचू लागले. जावेला अक्षर येत नव्हतं. मला वाटतं, तिथून ती माझ्या मुळावर उठली. पाहुण्यांनी केलेली तारीफ हीच तिची कमाई होती, आणि त्या चुलीशी दुसरी बाई येऊन बसली होती, जिला शिवाय वाचताही येत होतं.

पहिलं झालं पुरणाचं. तिनं मला सांगितलं, "डाळ अर्धी शिजली की लगेच गूळ टाक. दोन्ही मिळून शिजतात, म्हणजे गोडी आत शिरते." ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मी तसंच केलं. गूळ पडल्यावर डाळ जी आखडली ती काही केल्या शिजेना. पाट्यावर वाटताना खड्यासारखी उडायची. पोळी लाटली तर फाटायची. मग कढी. "ताक चांगलं खळखळू दे, मग वरून पीठ लाव," म्हणाली. ताक फाटलं. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. दोन्ही वेळा ती पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "शिकलेली आहे ना, पुस्तकात पाहायचं होतं."

मला तेव्हाही वाटलं नाही की ती मुद्दाम करते आहे. मला वाटलं, मीच गलथान. यजमानांना सांगितलं तर ते म्हणाले, "स्वयंपाकघरातलं तुमचं तुम्ही बघा." हे वाक्य मी त्यांच्याकडून पुढे चाळीस वर्षं ऐकलं.

त्या वर्षी अधिक महिना आला. नणंदेचे यजमान जेवायला येणार होते आणि जावयाला तेहेतीस अनारसे द्यायचे होते. जाऊ म्हणाली, "या खेपेला तू कर. तुझ्या हाताला वळण लागू दे." मी आनंदानं वेडी झाले. तिनं सांगितलं ते मी कागदावर लिहून घेतलं: तांदूळ रात्रभर भिजवावे, सकाळी उपसून वाळवावे, कुटून पीठ चाळावं, जितकं पीठ तितका गूळ आणि वर मूठभर, मळून दोन दिवस ठेवावं, खसखशीवर थापून तुपात सोडावे. वऱ्हाडात तांदूळ पिकतो तो पिकत नाही म्हणण्याइतका थोडा. पूर्वेकडून गाड्यांनी यायचा आणि त्या दिवसांत त्याला सोन्याचा भाव आला होता. मी तो मोत्यांसारखा वेचला.

जावई येऊन पाटावर बसले होते तेव्हा मी पहिला अनारसा तुपात सोडला. तो पसरला, त्याला भोकं पडली, भोकं मोठी झाली आणि बघता बघता त्याचा नुसता चुरा कढईभर फिरू लागला. याला अनारसा हसला म्हणतात. दुसरा हसला, तिसरा हसला. तूप काळं पडलं, धूर झाला. दीर दाराशी येऊन उभे राहिले.

जाऊ शांतपणे उठली, कोठीत गेली आणि एक झाकणाचा डबा घेऊन आली. त्यात अनारशाचं पीठ होतं. घट्ट, मुरलेलं, गोळे करून ठेवलेलं. तिनं दुसरी कढई चढवली आणि पाऊण तासात तेहेतीस अनारसे ताटात रचले, जाळीदार, एकसारखे. वाढताना ती जावयांना ऐकू जाईल असं म्हणाली, "धाकटीच्या हाताला गुणच नाही, काय करावं!"

मी भिंतीशी उभी होते. त्या डब्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात हळूहळू शिरलं. ते पीठ आठ दिवस तरी मुरलेलं होतं. म्हणजे मी माझे तांदूळ भिजत घालायच्या कितीतरी आधी तिनं आपले भिजत घातले होते. माझे बिघडणार हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही, पण भूकही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परसात ती काळी कढई राखेनं घासत बसले होते. तेवढ्यात तूपवाली आली. ही नांदगावाकडची शेतकरीण, पन्नाशीची, काळी, वाळकी. आठवड्यातून एकदा डोक्यावर मडकं घेऊन यायची. आमच्या सोवळ्यात तिला परसदारापुढे पाऊल टाकायची मुभा नव्हती, आणि तिलाही आत यायची काही हौस नव्हती. बाहेरच्या सगळ्या बायका मला मास्तरीणबाई म्हणत. ही सरळ "तू" म्हणायची.

"काय जाळलं वं?"

"अनारसे."

"अनारसे जळत नाई, हसते. गूळ किती घातला?"

"पिठाइतका. वर मूठभर."

"अन् तांदूळ किती दिस भिजू घातले?"

"एक रात्र."

ती हसली नाही. मडकं खाली ठेवलं आणि माझ्यावर खेकसली. "तीन दिस भिजा लागते तांदूळ. रोज पानी बदला लागते. गूळ पिठाहून कमी घ्या लागते. कोनं सांगतलं तुले हे? सांगनारी एक तं येडी हाय, नाई तं तुह्या जिवावर उठली हाय. अन् तू तिच्याहून येडी! गायरान सारं कापसाच्या पराटीखाली गेलं, माह्या म्हशीले चाराले जागा नाई राहिली, अन् तुमी इथं माह्यं तूप चुलीत ओतून राहिल्या!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं कमी, संतापाचं जास्त. तुपाचं मडकं घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाईनं मला वेडी म्हणावं! मी म्हणाले, "मला आधी कसं कळणार? चुलीवर चढल्याशिवाय कळतं का काही?"

"इचाराचं तिले. बिघडते कवा, अन् बिघडलं तं दिसते कसं. जिनं करून पाह्यलं असन, तिचं कदी ना कदी बिघडलंच असन. ते सांगन ती. जिनं केलंच नाई ते काईबाही बोलन. अन् जिले ठाव असून सांगाचं नाई, ते चिडन." तिनं तूप मोजून ओतलं, मडकं डोक्यावर घेतलं. "आता रडू नोको. कढई घास."

मायेनं सांगितलं असतं तर कदाचित मी विसरले असते. तिनं झिडकारून सांगितलं म्हणून ते काट्यासारखं रुतलं.

दिवाळीआधी जावेनं मला चकलीचं सांगायला घेतलं. भाजणीचं प्रमाण सांगितलं, ते बरोबर होतं. आमच्या शेजारणीकडून मी ते आधीच ऐकून ठेवलं होतं. मग म्हणाली, "मोहन भरपूर घाल. खुसखुशीत होतात."

"भरपूर म्हणजे किती, जाऊबाई? वाटीनं सांगा."

"हाताला कळतं ते."

"आणि जास्त झालं तर? बिघडली तर चकली कशी दिसेल?"

तिनं लाटणं खाली ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुझ्यासारखी दिसेल," म्हणाली. "उलट काहून विचारून राहिलीस? सांगते तेवढं कर."

ती चिडली. मला जे पाहिजे होतं ते मिळालं. मी मोहन अगदी बेताचं घातलं, आणि चकल्या अशा झाल्या की दिरांनी मुनिमांना बोलावून खायला घातल्या. जाऊ सगळ्यांसमोर म्हणाली, "मी सांगितलं तसं केलं नाही हिनं." कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. धाकटीनं मोठीचं ऐकलं नाही एवढंच सगळ्यांनी ऐकलं, आणि चकल्या खाता खाता मला दोन शब्द सुनावले.

तेव्हापासून मला तो नादच लागला. देवळात, पाणवठ्यावर, हळदीकुंकवाला बायका कृती सांगत आणि मी कान देऊन ऐके. नुसतं ऐकून ठरवायचं, हिचं होईल की नाही. मी ते यजमानांच्या जुन्या कागदांच्या पाठीवर लिहायची आणि जिथं खोट वाटेल तिथं बोटानं शाईचा ठिपका द्यायची. हळूहळू काही गोष्टी ध्यानात यायला लागल्या. जी बाई नुसतं "थोडं" आणि "अंदाजानं" म्हणते ती लबाड असेलच असं नाही, तिला विचारलं की "पीठ कशासारखं दिसायला हवं?" तर खरी करणारी लगेच सांगते, "ओल्या वाळूसारखं, मुठीत धरलं तर गोळा राहील आणि टिचकी मारली तर फुटेल." पुण्या-साताऱ्याकडच्या कृतीत "मंद आचेवर घटकाभर" असतं. तिथं लाकडाचे निखारे असतील. आमच्याकडे चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. त्या भडकन पेटतात आणि फसकन विझतात. त्यांच्यावर घटकाभर मंद आच ठेवायची तर एक बाई चुलीशी बांधूनच ठेवावी लागते. जी कृती सांगणारी जळणाचं विचारत नाही तिची कृती मी आपल्या चुलीवर चढवायची नाही, असं मी ठरवलं. आणि क्रम. आधी काय आणि मग काय, यात बायका सगळ्यांत जास्त चुकतात, आणि सगळ्यांत जास्त फसवतातही.

यानं मला कोणाचं प्रेम मिळालं नाही. एका वकिलाच्या बायकोनं हळदीकुंकवात वीस बायकांसमोर नारळाच्या वड्या सांगितल्या. मी तिथल्या तिथं म्हणाले, "या पाकात वड्या पडायच्या नाहीत. तुम्ही या कधी केल्या नाहीत." खरंच केल्या नव्हत्या, तिच्याकडे आचारी होता. तिचा चेहरा उतरला. त्यानंतर मला त्या आळीतली बोलावणी बंद झाली. मला वाईट वाटलं नाही, असं मी तेव्हा म्हणत असे.

दीड-दोन वर्षं अशी गेली. मग दिरांना मुंबईच्या एका बड्या पेढीचा दलाल जेवायला बोलवायचा होता. त्या जेवणाचं महिनाभर आधीपासून घरात बोलणं चालू होतं. जावेनं पुण्याच्या भावाकडून एक कृती मागवली, साखरभाताची. पुण्यात बड्या घरी कसा करतात ते कोणा आचाऱ्याला विचारून त्यानं कागदावर उतरवून पाठवलं होतं. कागद आला. आता तो वाचायचा कोणी? पुरुषांना सांगणं तिला कमीपणाचं वाटलं असावं. दुपारी तिनं मला माजघराच्या उंबऱ्यावर बसवलं आणि कागद माझ्यापुढे टाकला.

"अक्षर न अक्षर वाच. तुझं त्यात काही घालू नको."

मी वाचायला लागले. तांदूळ धुऊन तुपावर परतावे. लवंगा, वेलदोडे, केशर दुधात खलून. साखर तांदळाच्या दीडपट, तिचा एकतारी पाक. मग पुढची ओळ आली: तांदूळ अर्धे कच्चे असतानाच पाकात सोडावे, म्हणजे पाक दाण्यात मुरतो व भात मोकळा होतो.

मी थांबले.

"अडलीस काहून?"

"अक्षर पुसट आहे."

"वाच."

मी वाचलं. अर्धकच्ची डाळ आणि गूळ! तीच खोड, तेच गोड कारण. साखर लागली की दाणा पुढे शिजत नाही, आहे तिथं आखडतो, हे मला त्या बाईनंच शिकवलं होतं, माझ्या अब्रूवर. मी तिच्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता हिच्या ध्यानात येईल. जिनं ती युक्ती माझ्यावर वापरली तिला ती समोर आल्यावर ओळखू यायलाच पाहिजे. पण कागद पुण्याचा होता आणि लिहिलेला होता. ती मान डोलवत होती. तिनं माझ्याकडून तो तीनदा वाचून घेतला, ओठ हलवत पाठ केला आणि कागद कमरेला खोचला.

मी एक शब्द बोलले नाही. मला बोलू नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी आज्ञाधारक होते.

जेवणाच्या दिवशी पडवीत रांगोळ्या होत्या, चांदीचं पाणी दिलेली ताटं होती. केशराचा वास गल्लीपर्यंत गेला होता. भात दिसायला फार सुंदर झाला. एकेक दाणा वेगळा, पिवळाधमक. मी दाराच्या फटीतून पाहत होते. मुंबईच्या पाहुण्यानं घास घेतला, आणि त्याचं तोंड चालता चालता थांबलं. कचकच असा आवाज आला, तो मला आतपर्यंत ऐकू आला. त्यानं फार सभ्यपणे विचारलं, "इकडे हा असाच कोरडा करतात का?" दिरांनी स्वतः घास घेतला आणि चावत राहिले, चावत राहिले. कोणीतरी हसलं. बाकीचं जेवण कसं झालं ते मला आठवत नाही. मला तो कचकच आवाज तेवढा आठवतो, आणि तो ऐकून मला किती बरं वाटलं होतं ते.

पाहुणे उठल्यावर दीर आत आले आणि त्यांनी भाताचं पातेलं उचलून परसात फेकलं. जाऊ पांढरीफटक पडली होती. पण तिनं पहिलं काम काय केलं, तर माझ्या यजमानांना हाक मारली आणि कमरेचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. "भाऊजी, हे वाचा. हिनं काही गाळलं की काय ते बघायचंय." त्यांनी वाचलं. शब्दाला शब्द तेच. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मला दिसलं की आता तिला कळलं. 'अर्धे कच्चे' ही ओळ ऐकताना तिनं डोळे मिटले होते.

पण ती हार खाणारी नव्हती. वळून दिरांना म्हणाली, "तूप भेसळीचं होतं. भेसळीच्या तुपानं दाणा आखडतो."

दिरांना चुलीतलं काय कळणार! त्यांना राग काढायला कोणीतरी पाहिजे होतं, आणि ते मिळालं.

चार दिवसांनी तूपवाली आली तेव्हा परसदारी दीर स्वतः उभे होते. त्यांनी तिला काय काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही. ती ऐकत राहिली. मग मडक्याचं फडकं सोडून त्यांच्यासमोर धरलं. "वास घेऊन पाहा. बोट घालून पाहा." त्यांनी तोंड फिरवलं. मी आणि जाऊ दाराआड होतो. तिला माझं लुगडं दिसलं असावं.

"काय वं मास्तरीण," ती ओरडली. त्या नावानं तिनं मला पहिल्यांदाच हाक मारली. "तू तं रोज खाते. तू सांग, तूप कसं व्हतं?"

मोठ्या दिरांसमोर मी बोलायचं नसतं. ती चाल आडवी आली असं मी स्वतःला फार दिवस सांगत होते. पण जाऊ शेजारीच होती. तिच्याशी बोलल्यासारखं करून मला दिरांना ऐकवता आलं असतं. घरोघरी बायका असंच बोलतात, मीही शंभरदा बोलले होते. तूप चांगलं होतं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग भात कशानं बिघडला. आणि त्याचं उत्तर मला वाचतानाच ठाऊक होतं.

मी गप्प राहिले.

तिनं मडकं बांधलं. "शिकली तू," म्हणाली. "बरी शिकली." आणि गेली. आमच्या दारी ती पुन्हा आली नाही, आणि पुढचं तूप खरंच भेसळीचं यायला लागलं.

ती गेल्यावर जाऊ हळू आवाजात म्हणाली, "तुला वाचतानाच कळलं होतं."

"हो," मी म्हणाले.

त्यानंतर आम्ही दोघी एका चुलीशी आणखी चार वर्षं राहिलो आणि कामापुरतंही बोललो नाही. ती भांडं आपटायची, मी झाकण आपटायची. तोवर समुद्रापलीकडची ती लढाई संपली होती, कापसाची घाई ओसरली आणि पाहुणे यायचे थांबले. बडनेऱ्याकडे आगगाडीचा भराव पडू लागला तेव्हा दिरांकडे जेवायला येणारं माणूस महिन्यात एखादं असायचं. जावेची तारीफ करायला कोणी उरलं नाही. ते पाहून मला सुख झालं. हे लिहायला लाज वाटते, पण झालं.

यजमानांची बदली नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत झाली. निघायच्या दिवशी गाडीत सामान चढत होतं. मी मुद्दाम जावेपाशी गेले आणि तिच्या कैरीच्या लोणच्याची कृती विचारली. ते लोणचं तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला ते करायचं नव्हतं. मला तिला खोटं बोलताना शेवटचं एकदा पकडायचं होतं आणि तोंडावर सांगून गाडीत बसायचं होतं.

ती तूर निवडत होती. वर न बघता तिनं सांगायला सुरुवात केली. कैरी कशी पुसायची, फोडी केवढ्या. मीठ-हळद लावून रात्रभर ठेवायच्या आणि सुटलेलं पाणी काढायचं. "ते पाणी राहिलं तर आठव्या दिवशी वर पांढरा पापुद्रा येतो. पहिल्या दिवशी तो पुसून घेतला तर वाचतं, दुसऱ्या दिवशी नाही." तिळाचं तेल तापवून पार निववायचं. "कोमट ओतलंस तर मोहरी कडू होते. चव घेऊन कळत नाही, महिन्यानं कळतं. माझी एक बरणी गेली होती तशी. सासूबाईंनी सगळ्यांच्या देखत ती माझ्याकडून उकिरड्यावर ओतवली होती." मेथी किती तळायची, तिचा रंग कोणता आणि कोणत्या रंगाला उशीर झाला असं समजायचं. बरणीला हिंगाची धुरी. तेल फोडींच्या वर चार बोटं.

मी एकही प्रश्न विचारला नाही. विचारायला जागाच नव्हती. मी पुन्हा पुन्हा मनात ती कृती उलटीसुलटी केली, गाडीत बसून सगळी वाट केली, आणि मला तिच्यात खोट सापडली नाही. मला इतका राग आला की मी दोन वर्षं ते लोणचं घातलं नाही.

नांदगावच्या बाजारात तूपवाली मला दिसणार हे मला ठाऊक होतंच. तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात दिसली. म्हातारी झाली होती, पण मडकं तेच. मी समोर जाऊन बसले. तिनं मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही.

"किती देऊ?"

"तूप चांगलं होतं तुमचं," मी म्हणाले. "त्या भाताचा तुपाशी काही संबंध नव्हता."

"मले ठाव हाय."

"मी सांगायला पाहिजे होतं."

"मले काहून सांगून राह्यली? त्याले सांगाचं व्हतं. तवा." तिनं पळी मडक्यात ठेवली आणि फडकं बांधलं. "तुले नाई देत मी. त्या तिकडच्या बाईपासून घे."

मी उठले. बाजारातल्या दोघी-चौघी बघत होत्या. त्या तिकडच्या बाईचं तूप मी घेतलं. त्याला जळका वास होता. नांदगावला आम्ही अकरा वर्षं होतो. दर बाजारी मी तिच्यासमोरून जायची आणि ती माझ्याकडे बघायचीही नाही. मीही दुसऱ्यांदा विचारलं नाही.

नांदगावला आल्यावर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात मी कैरीचं लोणचं घातलं, जावेनं सांगितलं तसं. वर्षभर टिकलं, रंगही बदलला नाही. यजमान म्हणाले, "थेट वहिनींच्या हातचं." मी त्यांना वाढायला काढलेली दुसरी फोड बरणीत परत टाकली. माहेरी अकोल्याला आणि जावेकडे अमरावतीला लोणच्याच्या लहान बरण्या पाठवायची आमच्याकडे पद्धत होती. अकोल्याला मी पाठवली.